नाव नसलेले दुखणे आणि जोडीदाराचे कर्तव्य



घरातील माणूस आजारी पडला आणि डॉक्टरांनी आजाराचे नाव सांगितले, की घर थोडेफार सावरते. कावीळ म्हटले की पथ्य ठरते. टायफॉईड म्हटले की औषधाचे दिवस ठरतात. मधुमेह म्हटले की साखरेचा डबा बाजूला होतो. शेजारी विचारपूस करतात, कचेरीत रजा मिळते. परंतु ज्या दुखण्याला नावच मिळत नाही, त्याचे काय? तपासण्या झाल्या, पैसे गेले आणि सर्व कागदांवर ‘नॉर्मल’ असे लिहून आले. पण माणूस मात्र उठता-बसता भिंत धरतो. अशा वेळी त्याच्या जोडीदाराने काय करावे? विश्वास ठेवावा की संशय घ्यावा? हा प्रश्न वरवर वैद्यकाचा वाटतो, पण मुळात तो नीतीचा आहे. म्हणून त्याचा विचार येथे करावयाचा आहे.

अलीकडे आपल्या समाजातही वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रिया होऊ लागल्या आहेत. तेव्हा त्याच एका उदाहरणावरून हा प्रश्न पाहू.

समजा, एका घरात बेचाळीस वर्षांची शिक्षिका आहे. वजन एकशे पंधरा किलो, मधुमेह, रक्तदाब, जिना चढताना धाप आणि झोपेत श्वास अडकणे. डॉक्टरांच्या सल्ल्याने तिने शस्त्रक्रिया करून घेतली. वर्षभरात चाळीस किलो वजन उतरले. मधुमेहाच्या गोळ्या कमी झाल्या. सर्वांना आनंद झाला. आणि नंतर चक्कर सुरू झाली. कधी सकाळी अंथरुणातून उठताना, कधी शाळेत फळ्यासमोर, कधी जेवणानंतर दोन तासांनी. डॉक्टरांनी रक्त तपासले, ई.सी.जी. काढला, डोक्याचा फोटो काढला. काही सापडले नाही. महिने गेले. आता घरात तीन प्रकारची बोलणी सुरू होतात. सासूबाई म्हणतात, ‘‘कुणाची तरी नजर लागली.’’ दीर म्हणतो, ‘‘देवाने दिलेले पोट कापून घेतले, आता भोगा.’’ आणि नवरा, जो मनाने वाईट नाही, तो थकून म्हणतो, ‘‘रिपोर्ट सगळे चांगले आहेत. तू मनावर घेतेस.’’

वाचकहो, या तिघांपैकी सर्वांत अधिक इजा कुणाचे बोलणे करते? माझ्या मते तिसऱ्याचे. कारण नजर आणि देव यांची बोलणी ती सोडून देऊ शकते. परंतु ज्याच्या भरवशावर ती रात्री झोपते, त्यानेच ‘हे दुखणे खरे नाही’ असे म्हटले, तर तिने कुणाकडे जावे?

कारण सापडले नाही म्हणजे कारण नाही काय?

येथे आपण एक गोष्ट स्पष्ट करून घेतली पाहिजे. ‘कारण सापडले नाही’ आणि ‘कारण नाही’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत. पहिले वाक्य आपल्या ज्ञानाविषयी आहे, दुसरे वाक्य जगाविषयी आहे. तथागतांनी प्रतीत्यसमुत्पादाची जी शिकवण दिली, तिचा अर्थ हाच की जे जे घडते ते कारणांमुळे घडते. कारणावाचून काही उद्भवत नाही. ही शिकवण मानणाऱ्या माणसाला ‘रिपोर्टमध्ये काही नाही, म्हणून तिला काही होत नाही’ असे म्हणताच येत नाही. त्याला फार तर इतकेच म्हणता येते की, ‘कारण आहे, ते अद्याप आपल्याला दिसलेले नाही.’

वैद्यकाचा इतिहासही हेच सांगतो. गॅस्ट्रिक बायपास या शस्त्रक्रियेचा आरंभ अमेरिकेत आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन आणि चिकाशी इटो या शल्यविशारदांनी १९६६ साली केला. जठराची शस्त्रक्रिया झालेल्यांना खाल्ल्यानंतर घाम व चक्कर येते, हे डॉक्टरांना ठाऊक होते. परंतु बायपासनंतर काही रुग्णांचे स्वादुपिंड जेवणानंतर इतके इन्शुलिन सोडते की रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते आणि माणूस गोंधळतो किंवा बेशुद्ध होतो, याचे सविस्तर वर्णन सहा रुग्णांवरून एका नामांकित अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात आले ते २००५ साली. म्हणजे शस्त्रक्रिया सुरू झाल्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी! आता विचार करा. ते वर्णन छापून येण्यापूर्वी अशी चक्कर ज्यांना आली असेल, त्यांचे दुखणे खोटे होते काय? दुखणे आधी होते, त्याचा पत्ता पुढे लागला. त्या काळात ज्यांच्या जोडीदाराने विश्वास ठेवला त्यांचे आयुष्य एक प्रकारचे गेले असेल, आणि ज्यांच्या जोडीदाराने ठेवला नाही त्यांचे दुसऱ्या प्रकारचे.

चक्कर का येऊ शकते?

कर्तव्य नीट करावयाचे तर थोडी माहिती हवी. म्हणून ही कारणे सोप्या शब्दांत देतो.

या शस्त्रक्रियेत जठर लहान केले जाते. ‘स्लीव्ह’ प्रकारात जठराचा मोठा भाग काढून टाकतात व केळ्याच्या आकाराची नळी ठेवतात. ‘बायपास’ प्रकारात जठराचा लहानसा कप्पा करून तो थेट पुढच्या आतड्याला जोडतात. त्यामुळे अन्न कमी जाते आणि वेगाने पुढे सरकते. यातून निरनिराळ्या तऱ्हेने चक्कर येऊ शकते.

पहिले कारण पाणी. लहान झालेल्या पोटात एका वेळी घोटभरच पाणी मावते. जेवताना पाणी पिऊ नये, अर्ध्या तासाने प्यावे, असे सांगितलेले असते. कामाच्या गडबडीत ते राहूनच जाते. शरीर कोरडे पडते व उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते.

दुसरे कारण रक्तदाब. वजन उतरले की रक्तदाबही बहुधा उतरतो. पण गोळी मात्र जुन्याच मापाची चालू राहते. तसेच मधुमेहाच्या गोळीचे. ज्या गोळीने काल उपकार केला, तीच आज अपाय करू शकते. मात्र ती आपल्या मनाने बंद करू नये. डॉक्टरांना विचारून कमी करावी.

तिसरे कारण जेवणाशी निगडित आहे. गोड किंवा पातळ पदार्थ भरभर खाल्ला, तर दहा मिनिटांपासून अर्ध्या तासात छाती धडधडते, घाम येतो, पोटात कळ येते व चक्कर येते. याला ‘डम्पिंग’ म्हणतात. दुसरा प्रकार एक ते तीन तासांनी येतो. साखर झपाट्याने चढते, इन्शुलिन जास्त सुटते आणि साखर झपाट्याने उतरते. हात थरथरतात, भूक लागल्यासारखे होते, बोलण्यात गोंधळ होतो. हा प्रकार शस्त्रक्रियेनंतर बहुधा वर्षभराने किंवा त्याहून उशिरा सुरू होतो. त्यामुळे त्याचा शस्त्रक्रियेशी संबंध आहे, हे कुणाच्या ध्यानीही येत नाही.

चौथे कारण जीवनसत्त्वे व लोह. लोह ज्या आतड्यात मुख्यतः शोषले जाते तो भाग बायपासमध्ये वगळला जातो. बी-बारा जीवनसत्त्वाचा साठा यकृतात काही वर्षे पुरतो. म्हणून त्याची उणीव उशिरा उघडी पडते. पायांना मुंग्या येतात व अंधारात तोल जातो. बी-वन, म्हणजे थायमिन, याचा साठा मात्र काही आठवडेच पुरतो. सतत उलट्या होत असतील तर तो लवकर संपतो आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

याशिवाय कानाच्या आतील तोल सांभाळणारा भाग, हृदयाचे अनियमित ठोके किंवा शरीराच्या आपोआप चालणाऱ्या मज्जासंस्थेचा बिघाड ही कारणेही असू शकतात. त्यांतील काही शस्त्रक्रियेशी संबंधित नसतीलही.

मग तपासणीत हे का सापडत नाही? कारण तपासणी एका क्षणाची असते आणि चक्कर दुसऱ्या क्षणी येते. साखर सकाळी उपाशीपोटी तपासली जाते. ती उतरते दुपारी तीन वाजता. रक्तदाब खुर्चीवर बसवून घेतला जातो. तो उतरतो उभे राहिल्यावर. ई.सी.जी. काही सेकंदांचा असतो; ठोका चुकतो मध्यरात्री. हिमोग्लोबिन ठीक दिसते, पण लोहाचा साठा दाखवणारी फेरिटिनची तपासणी केलेलीच नसते. यात डॉक्टरांना दोष देण्याचा हेतू नाही. ते रुग्णाला दहा मिनिटे पाहतात. तिच्याबरोबर चोवीस तास कोण असते?

जोडीदार हा साक्षीदार आहे

या लेखातील मुख्य गोष्ट हीच आहे. कारण न सापडलेल्या दुखण्यात जोडीदाराचे पहिले कर्तव्य औषध शोधणे हे नसून खरा साक्षीदार होणे हे आहे. साक्षीदार दोन गोष्टी करतो. तो पाहिलेले नाकारीत नाही, आणि न पाहिलेले जोडीत नाही.

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे, तो आपल्यापैकी अनेकांनी विहारात ऐकला असेल. पोटाच्या विकाराने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडून होता आणि इतर भिक्खू त्याच्याकडे पाहत नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले आणि उचलून अंथरुणावर ठेवले. मग त्यांनी भिक्खूंना समजावले की, तुमचे आईबाप येथे नाहीत. तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करणार?

हा प्रसंग सांगून आपण बहुधा थांबतो. परंतु त्याच्या पुढे जे आहे ते संसारी माणसाला अधिक उपयोगी आहे. तेथे रुग्णाचे पाच गुण व शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण सांगितले आहेत. रुग्णाने हितकर तेच करावे, प्रमाण ओळखावे, औषध घ्यावे, वेदना सहन करावी. आणि यांतच एक गुण असा की, दुखणे वाढत असेल तर वाढते आहे, उतरत असेल तर उतरते आहे, तसेच असेल तर तसेच आहे, असे शुश्रूषा करणाऱ्याला जसेच्या तसे सांगावे. शुश्रूषा करणाऱ्याने औषध तयार करता येण्याइतके सक्षम असावे, हितकर-अहितकर ओळखावे, लाभासाठी नव्हे तर मैत्रीभावनेने सेवा करावी, मलमूत्राची किळस करू नये आणि धम्माच्या गोष्टी सांगून रुग्णाला धीर द्यावा.

आता पाहा. रुग्णाने दुखणे जसेच्या तसे सांगावे, ही अपेक्षा आहे. पण रुग्ण ते केव्हा सांगेल? ऐकणारा विश्वास ठेवील तेव्हाच. ज्या घरात ‘पुन्हा चक्कर?’ असा प्रश्न कपाळाला आठ्या घालून विचारला जातो, त्या घरात रुग्ण चक्कर लपवू लागतो. शिक्षिकेला भीती वाटते की शस्त्रक्रियेचा खर्च काढून दाखवला जाईल. ‘तरी मी नको म्हणत होतो,’ असे ऐकावे लागेल. म्हणून ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहते आणि विचारल्यावर ‘काही नाही’ म्हणते. अशा रीतीने घरातील अविश्वास रुग्णाला खोटे बोलावयास लावतो. आणि मग त्या खोट्यामुळे डॉक्टरांना कारण सापडत नाही. म्हणजे विश्वास ही केवळ प्रेमाची बाब नाही. निदानाला विश्वासाची गरज आहे.

साक्षीदाराने प्रत्यक्षात काय करावे? एक वही घ्यावी. चक्कर आली की तारीख, वेळ, त्यापूर्वी काय व किती वाजता खाल्ले, किती पाणी प्याले, कोणती गोळी घेतली, त्या वेळी माणूस बसलेला होता की उठला होता, आणि किती वेळाने बरे वाटले, हे लिहावे. आपल्या मराठीत ‘चक्कर’ या एका शब्दात अनेक गोष्टी येतात. त्या वेगळ्या कराव्यात. खोली गरगर फिरते, की डोळ्यांपुढे अंधारी येते? हातपाय थरथरून घाम सुटतो, की नुसता चालताना तोल जातो? गरगरणे बहुधा कानाकडे बोट दाखवते, उठताना येणारी अंधारी रक्तदाबाकडे, थरथर व घाम साखरेकडे, तोल जाणे मज्जातंतूंकडे. ही निश्चित निदाने नव्हेत, पण डॉक्टरांना कोठे पाहावे हे त्यावरून कळते.

घरी रक्तदाबाचे यंत्र असेल तर आडवे असताना एकदा आणि उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजावे. वरचा आकडा वीसने किंवा खालचा दहाने उतरला, तर ती गोष्ट डॉक्टरांना अवश्य सांगावी. साखर मोजण्याचे यंत्र असेल तर ऐन चक्करेच्या वेळी मोजावे. लक्षण दिसणे, त्याच वेळी साखर उतरलेली असणे आणि साखर दिल्यावर बरे वाटणे, या तीन गोष्टी एकत्र आल्या तर निदानाला बळकटी येते. सत्तरच्या खाली आकडा असेल आणि रुग्ण शुद्धीवर असेल, तर तीन चहाचे चमचे ग्लुकोज पाण्यातून द्यावे, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे, आणि मग अंडे, शेंगदाणे किंवा उसळ असे काही प्रथिनांचे खायला द्यावे. पण रोज चक्कर येऊ नये म्हणून गोड चहा पाजीत राहणे हा उपाय नव्हे. त्याने साखर पुन्हा चढते व पुन्हा उतरते. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात काहीही घालू नये.

आणि काही गोष्टींत वही बाजूला ठेवून त्याच दिवशी इस्पितळ गाठावे : बेशुद्ध पडणे, छातीत दुखणे, काळी शी होणे, उलट्या न थांबणे, एकाचे दोन दिसणे, चालताना झोकांड्या जाणे किंवा बोलण्यात भ्रम होणे. उलट्यांनंतर भ्रम झाला असेल तर वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेली आहे, हे तेथील डॉक्टरांना आरंभीच सांगावे. कारण अशा वेळी थायमिनचे इंजेक्शन वेळेवर मिळणे महत्त्वाचे असते.

दोष देण्याचा मोह

कारण सापडत नाही तेव्हा माणसाचे मन रिकामे राहू शकत नाही. ते कारणाच्या जागी दोष आणून बसवते. ‘तूच ओढवून घेतलेस’ हे वाक्य याच रिकाम्या जागेतून येते. पण विचार करा : शस्त्रक्रिया तिने नटण्यासाठी केली होती काय? स्थूलता हा आळसाचा दंड नव्हे. भूक, संप्रेरके, आनुवंशिकता, काही औषधे, कामाची धाटणी, या सर्वांतून ती येते. मधुमेह व रक्तदाब यांच्यासाठी तिने उपाय केला. त्या उपायाची एक किंमत पुढे आली. किंमत पुढे आली म्हणून उपाय करणे पाप ठरत नाही.

दुसरा मोह पूर्वजन्माचा. धम्म स्वीकारला तरी जुनी बोली जिभेवर राहते, आणि कठीण प्रसंगी ती आपोआप बाहेर पडते : ‘मागच्या जन्मीचे भोग.’ संयुत्त निकायात सीवक नावाच्या परिव्राजकाने भगवंतांना हाच प्रश्न विचारला आहे. माणसाला जे सुखदुःख होते ते सर्व पूर्वकर्मामुळेच होते काय? भगवंतांनी पित्त, कफ, वात, ऋतूचा पालट, देहाची चुकीची निगा अशी अनेक कारणे दाखवली आणि सर्वच वेदना पूर्वकर्मावर ढकलणारे चुकतात असे सांगितले. बाबासाहेबांनीही ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माचे ओझे या जन्मी वाहण्याची कल्पना तपासून नाकारली. ज्या कल्पनेने आपल्या आजा-पणज्यांना हीन ठरवले, तीच कल्पना आपण आपल्या आजारी पत्नीवर वापरावी काय?

तिसरा मोह भगत-देवऋषी यांचा. तेथे नुकसान केवळ पैशाचे नाही. भगत ‘कारण सापडले’ असे सांगतो आणि त्यामुळे शोध थांबतो. अंगाऱ्याने शांत झालेले घर बी-बाराची तपासणी करीत नाही. खोटे नाव मिळाले की खरे नाव कायमचे दूर जाते.

काळजी आणि कैद

आता याच्या उलट टोकाची चूक. काही गृहस्थ विश्वास ठेवतात, पण इतकी काळजी करतात की माणसाला कैद होते. एकटीने जिना उतरू नकोस, शाळा सोड, पैशाचा व्यवहार मी बघतो, मुलांचा अभ्यास मी घेतो. चार महिन्यांत ती घरात असूनही घराची राहत नाही.

सिगालोवाद सुत्तात पतीची पाच कर्तव्ये सांगितली आहेत : पत्नीचा सन्मान करणे, अपमान न करणे, एकनिष्ठ राहणे, घराचा अधिकार तिच्या हाती देणे आणि अलंकार देणे. यांतील चौथे कर्तव्य आजारपणात रद्द होते, असे तेथे म्हटलेले नाही. चक्कर येते म्हणून तिची बुद्धी गेलेली नसते. कोणत्या डॉक्टरांकडे जावयाचे, कोणती तपासणी करावयाची, नोकरी चालू ठेवावयाची की नाही, हे तिने ठरवावयाचे आहे; तुम्ही बरोबर बसावयाचे आहे. इस्पितळातही डॉक्टरांनी तिला विचारले तर तिलाच उत्तर देऊ द्यावे. वहीत काही राहिले असेल तर तुम्ही पुढे भर घालावी.

मात्र काही बंधने खरोखर आवश्यक असतात. चक्करेचे कारण कळेपर्यंत स्कूटर किंवा मोटार चालवू नये, स्टुलावर चढून माळ्यावरचे डबे काढू नयेत, न्हाणीघराची कडी आतून लावू नये, फार कढत पाण्याने बसून स्नान करून एकदम उठू नये. ही बंधने हुकूम म्हणून न लादता दोघांनी बसून ठरवावीत. हुकूम चोरून मोडला जातो, पण दोघांनी ठरवलेले दोघेही पाळतात.

आपल्या विहारांनीही इकडे लक्ष द्यावे. पंचांग प्रणाम करून झटकन उठताना ज्यांना अंधारी येते त्यांना खुर्चीवर बसून वंदना घेऊ द्यावी. त्यात अनादर नाही. पौर्णिमेला अष्टशील घेऊन मध्यान्हानंतर न जेवण्याचा प्रघात आहे; पण ज्याला दर तीन-चार तासांनी थोडे खावे लागते त्याने डॉक्टरांना विचारल्यावाचून तसे करू नये, व इतरांनी त्यावरून त्याला कमी लेखू नये. आजारी भिक्खूंसाठी विनयातही सवलती आहेत, मग आजारी गृहस्थावर सक्ती कशी करता येईल? दीक्षाभूमीच्या गर्दीत किंवा ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या रांगेत तासन्‌तास उभे राहणे ज्याला झेपत नाही, त्याने घरी वंदना घेतली तरी श्रद्धा उणी होत नाही.

शुश्रूषा करणाऱ्याचे काय?

एवढे सांगून जोडीदारावर नुसते ओझे टाकून चालणार नाही. नोकरी, स्वयंपाक, मुले आणि रात्री दर हालचालीला जागे होणे, यात सहा महिन्यांत चांगला माणूसही चिडका होतो. स्त्री आजारी असेल तर नवऱ्याचे कौतुक तरी होते. नवरा आजारी असेल तर बायकोने केलेली सेवा कुणाच्या नजरेतही येत नाही. ती तिने करावीच, असे सर्वांनी गृहीत धरलेले असते. उलट नवरा बरा झाला नाही, तर तिच्याच हातचे जेवण संशयात येते.

याचे उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. बाबासाहेबांचा १५ एप्रिल १९४८ रोजी डॉ. सविता आंबेडकर यांच्याशी विवाह झाला तेव्हा ते मधुमेहाने जर्जर होते. पुढची साडेआठ वर्षे त्यांनी शुश्रूषा केली. ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी लिहून ठेवले की, पाच वर्षांच्या आजारात आपला जीव तगला तो पत्नी व डॉ. मालवणकर यांच्या वैद्यकीय कौशल्यामुळे. ती प्रस्तावना पहिल्या आवृत्तीत छापली गेली नाही, आणि ज्या स्त्रीने सेवा केली तिच्यावर महापरिनिर्वाणानंतर संशय घेतला गेला. सरकारी चौकशीत मृत्यू नैसर्गिक असल्याचा निष्कर्ष निघाला, तरी संशय वर्षानुवर्षे टिकला. यावरून आपण इतके तरी शिकावे की, दुःखाच्या वेळी दोषी शोधण्याची घाई करू नये.

म्हणून शुश्रूषा करणाऱ्याने मदत मागण्यात लाज मानू नये. नणंदेने एक दिवस यावे, मोठ्या मुलाने पाण्याची बाटली भरून देण्याचे काम अंगावर घ्यावे, महिला मंडळातील एखादीने इस्पितळात सोबत जावे. आणि रुग्णानेही जोडीदाराच्या थकव्याला थकवा म्हणावे, त्याला प्रेमाची उणीव म्हणू नये. विश्वास दोन्ही बाजूंनी लागतो.

शेवटचा प्रश्न

सर्व केले, वही लिहिली, तपासण्या झाल्या, तरी कारण सापडले नाही तर? असेही होते. अशा वेळी पोटाचे, अंतःस्रावी ग्रंथींचे, कानाचे व हृदयाचे तज्ज्ञ यांना पुन्हा दाखवावे. सहा महिन्यांनी तीच तपासणी पुन्हा करावी, कारण शरीर बदलत असते. पण त्या सहा महिन्यांत रोजचा दिवस उगवणारच आहे. त्या दिवशी चक्कर येईल, आणि त्या दिवशी हात धरावा लागेल. हात धरण्यासाठी निदानाचा कागद लागत नाही.

काही लोक म्हणतील, कारण कळल्यावाचून केलेली सेवा आंधळी नव्हे काय? तसे नाही. ‘मला कारण माहीत आहे’ असे खोटे समाधान करून घेणारी सेवा आंधळी असते, मग ते कारण नजर असो, भोग असो, की ‘मनाचे खेळ’ असो. ‘कारण आहे, मला ते माहीत नाही, मी पाहत राहीन आणि तोवर तुझ्याजवळ राहीन’, असे म्हणणारी सेवा डोळस आहे. यात श्रद्धा आहे, पण ती चमत्कारावरची नव्हे. ती समोरच्या माणसाच्या शब्दावरची आहे. आणि यात बुद्धी आहे, कारण शोध चालूच आहे.

बंधुभगिनींनो, आपण नवा धम्म स्वीकारला तो केवळ लग्नविधी आणि भिंतीवरची तसबीर बदलण्यासाठी नव्हे. घरातले माणूस भिंत धरून उभे राहते त्या क्षणी आपण काय बोलतो, यावरून आपल्या घरात धम्म किती आला हे कळते. तेव्हा आज घरी कुणी म्हणाले, ‘‘मला गरगरते,’’ तर ‘‘पुन्हा?’’ असे विचारू नका. ‘‘बस. केव्हापासून? सांग, मी लिहून घेतो,’’ असे म्हणा.